दुधात मेलेली मुंगी

मांडवी, रत्नागिरी
ता. ९ डिसेंबर १९३१

प्रिय दादू,

मेहुणा झालास म्हणून तुला अहो-जाहो करून लिहावं असं आमच्या आईचं म्हणणं. ते मला जमायचं नाही. खाडीत एकाच होडीतून उलटे पडलेले आपण, आता कुठे 'श्रीयुत' लिहीत बसू? आणि आज मी इतका संतापलोय की 'प्रिय'सुद्धा हात दाबून धरून लिहिलंय.

तू बोटीवर चढलास आणि थोड्याच दिवसांत तुझ्या आत्मारामाचं तोंड आलं. जिभेवर, गालांच्या आत पांढरा थर, दही चिकटावं तसा. पुसला की खाली लालभडक. पोर छातीला लागलं की कळवळायचं. तुझ्या आईनं, गंगुकाकीनं, ठरवून टाकलं की माझ्या बहिणीचं दूधच विषारी. मग परीक्षा. राहीला वाटीत दूध पिळायला लावलं आणि शेजारणींच्या देखत त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली. झाला निकाल. राहीची पाठवणी मांडवीला आमच्याकडे, आणि पोर शिरगावात काकीपाशी, शेळीच्या दुधावर. दादू, दुधात बुडालेली मुंगी मरेल नाही तर काय पोहत काठाला येईल? इतक्या बायका जमल्या होत्या, एकीलाही हे सुचलं नसेल? सुचलं असणार. बोलायची छाती झाली नाही.

मी तेव्हा नुकताच चिपळुणाहून परतलो होतो. तिथल्या लाकडाच्या वखारीतलं काम का सोडलं ते मोठं प्रकरण आहे, त्यात एक घोडा आहे, भेटलास की सांगेन. तर इथं मांडवीत मुंबईहून आलेले एक डॉक्टर राहतात. वैद्यांच्या झाडपाल्यात खरा दम किती ते तपासायचा त्यांना नाद. मी पाला आणून देतो, बरण्या धुतो, त्यांची पेटी उचलतो. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या काचेखाली ठेवून त्यांच्यावर ते आजाऱ्यांच्या तोंडातली बुरशी वाढवतात. पहिल्यांदा काच उचलली तेव्हा मला माडी काढणाऱ्या भंडाऱ्याचं मडकंच आठवलं. तोच आंबलेल्या माडीचा वास. डॉक्टर म्हणाले, नाक चांगलं आहे तुझं, माडी आंबवणारी आणि ही, दोघी एका कुळातल्या, गोड मिळालं की फोफावणाऱ्या.

मग शिरगावात घरोघर फिरून पोरांच्या तोंडात कापसाची काडी फिरवायची होती. तुझ्याही घरी गेलो. डॉक्टरांची साहेबासारखी टोपी बघून काकीनं पोर पुढे केलं. आत्मारामानं मामाला ओळखलं असं लिहिणार होतो, पण नाही ओळखलं. वाळलाय रे तो.

त्याच्या तोंडातली बुरशी चकतीवर उठली. मग एकेका पाल्याच्या रसाचा थेंब तिच्यावर टाकायचा आणि वाट बघायची. किराइतावर माझा फार भरवसा होता. लहानपणी आईनं नाक दाबून इतकं पाजलंय की कडू म्हणजे गुणाचं असंच डोक्यात बसलंय. बुरशी त्याच्या थेंबाला खेटून मजेत वाढली. करंज, टाकळा, दोन्ही फुकट. ओल्या हळदीनं थोडी हटली. पण विड्याच्या पानाचा रस पडला होता तिथं भोवताली स्वच्छ कडं उमटलं, चंद्राला खळं पडतं तसं. मी नाचलो, डॉक्टर रागावले. त्यांनी रस पातळ करून दिला, मी काकीकडे पोचवला, पोराच्या जिभेला लावायला सांगितलं.

आठवडा झाला, तोंड होतं तसंच. डॉक्टरांनी टिपून ठेवलं की पान काचेत चालतं, तोंडात चालत नाही, आणि लागले पुढच्या पाल्याला. मला असा राग आला! का चालत नाही, हे बघायला उठून जाऊ नये माणसानं? शेवटी मीच गेलो. बघतो तर पोराच्या तोंडात फडक्याची गुंडी. रस तिखट, पोराला झोंबतो, म्हणून काकी तो गुळाच्या पाण्यात कालवते, त्यात गुंडी भिजवते आणि पोर ती दिवसभर चोखतं. आदल्या दिवशीची तीच गुंडी. भंडाऱ्यानं मडकं ठेवावं तसं तुझ्या आईनं नातवाचं तोंड ठेवलं होतं!

मी सांगितलं. काकी म्हणाली, याच गुंडीवर तिनं तुम्हा सगळ्या भावंडांना वाढवलं. मग मी शेळीचं दूध वाटीत मागून घेतलं, शेजारणींना हाक मारली आणि त्यात मुंगी सोडली. मेली. सगळ्या काकीच्या तोंडाकडे बघायला लागल्या. काकी वाटीत वाकून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ती मुंगी आजारीच होती."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला हसू आलं नाही. इकडे मांडवीत आमच्या शेजारची काशी हिवतापानं पडली आहे, तिची तान्ही मुलगी इतके दिवस राहीच्याच दुधावर आहे. लोण्यासारखी झालीय, तोंड कसं लख्ख. हेही मी ओरडून सांगितलं. काकीनं मान फिरवली. तेव्हा मी आत्मारामाला उचललं. चोरून नाही, सगळ्यांच्या देखत. काकी मागून ओरडत होती की दादूला कळवते. म्हटलं, कळव.

राहीनं हात पुढे केले. पोर घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. आधी पोर रडलं, मग रडणं थांबलं. आता गूळ नाही, गुंडी नाही, नुसता पानाचा रस आणि आईचं दूध. जीभ गुलाबी दिसायला लागलीय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. काकी गावभर सांगते आहे की चिपळूणची मुलगी बघून ठेवलीय आणि दुसऱ्या लग्नाला तू होकार कळवलास. हे राहीच्या कानावर आलंय. हे पत्र तिनं लिहायला लावलेलं नाही. मला खरं-खोटं ठाऊक नाही. पण उत्तर मला पाठवू नकोस, तिच्या नावानं पाठव. तिला वाचता येत नाही. तू जे लिहिशील ते मला तिच्यापुढे बसून, तिच्या तोंडाकडे बघत, मोठ्यानं वाचावं लागणार आहे. लिहिताना एवढंच डोळ्यांसमोर ठेव.

अजून तरी तुझाच,
बाबल्या