उन्हात पाहून घेतलेला टीव्ही

माय, दिवाळीनंतर नांदुऱ्याहून नवा टीव्ही आणला आणि तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागून राहिला आहे. पोराला सांगितलं तर म्हणतो, बाबा, तुम्हाला घोर लावायला काहीही पुरतं. म्हणून तुला लिहितो. टीव्ही तुला फारसा माहीत नाही. दुसऱ्याच्या ओट्यावर उभी राहून एकदा पाहिलास आणि आतली माणसं एवढीशी काऊन, असं विचारलंस. पण खोली तुला माहीत आहे. तीच, दक्षिणेला दार असलेली, जिच्यात तू शेवटी पडून होतीस.

तिथं आता तुझी सून आहे. लकव्यानं तिचं डावं अंग गेलं. डॉक्टर म्हणाले, कोंडून ठेवू नका, ऊन-वारा येऊ द्या. म्हणून दार दिवसभर उघडं असतं, पडदासुद्धा लावत नाही. खाट मात्र तुझी होती तशीच आहे, डोकं दाराकडे आणि पाय भिंतीकडे. फिरवली तर पाय दक्षिणेला होतात, ते माझ्याच्यानं होत नाही. पोरगा हसतो. हसू दे. आजारी माणसाचे पाय यमाच्या दिशेला मी करणार नाही.

समोरच्या भिंतीशी जुना डब्ब्याचा टीव्ही होता, पुढं फुगलेल्या काचेचा. उन्हं वर आली की त्यात चित्र दिसायचं नाही. काचेत दारच दिसायचं, मागचं अंगण, तुळस, सुकत घातलेल्या मिरच्या, सगळं वाकलेलं. आवाज येत राही आणि ती तरी त्या काचेकडे पाहत पडलेली असे. माझा जीव तुटे. दिसत नाही, मागत नाही, बिचारी पाहते आहे. रात्रीच्या झोपेतसुद्धा मला ती काळी काच दिसू लागली. शेवटी मीच म्हणालो, उन्हात दिसेल असा टीव्ही घ्यायचा.

नांदुऱ्याच्या दुकानात पडदे लावलेले, आत गार अंधार, आणि भिंतभर टीव्ही एकाहून एक लखलखीत. पोराला पहिलाच आवडला. मला काही समजेना. सगळेच चांगले दिसत असतील तर वाईट कोणता, हे कळायचं कसं? आणि तिथं उभ्याउभ्या तू आठवलीस. मी तुझ्या पदराला धरून उभा आहे, तू लुगडं घेते आहेस, आणि दुकानदाराला न विचारता ते उचलून बाहेर ओट्यावर नेते आहेस. तो आतून म्हणतो, "बाई, लुगडं घेता का वाळू घालता?" तू घडी मोडून उन्हात धरतेस, उलटं करतेस, सुलटं करतेस. "दुकानात नेसणार हाये का मी? वावरात नेसणार हाये." मग माझ्याकडे वळून म्हणतेस, "जे जिथं वापराचं, ते तिथल्या उजेडात पाहाव, बे." लोक हसतात. तू ते लुगडं ठेवून दुसरं घेतेस.

मी दुकानदाराला म्हणालो, हा बाहेर आणून लावा. तो पोराकडे पाहू लागला. पोराची मान खाली. "बाबाजी, टीव्ही का उन्हात पाह्यतेत का?" मी म्हणालो, "आमच्या घरी उन्हातच पाह्यतेत." माणूस भला होता. लांब वायर काढून त्यानं टेबल ओट्यावर आणलं. पहिल्या टीव्हीत, पोराच्या आवडीच्या, मला माझी टोपी दिसली, मागची मोटारसायकल दिसली, रस्त्यानं चाललेली म्हैस दिसली. चित्र कुठं आहे ते शोधावं लागलं. गोळा झालेल्यांतला एक म्हणाला, "काका, म्हशीचाच कारेक्रम लागला." मग दुसरा लावला, चकाकी नसलेला, पाटीसारख्या मंद अंगाचा, पण आतून उजेड जास्त. त्यात माझी टोपी नव्हती. चित्र भर उन्हात जसंच्या तसं होतं. तोच घेतला. जुना डब्बा त्यांनी बदल्यात नेला. येताना पोरगा गाडीत म्हणाला, "बाबा, बरोबर पाह्यलं तुम्ही." एवढं तो मला कधी म्हणत नाही. मला वाटलं, तू ऐकायला पाहिजे होतं.

पहिले काही दिवस तुझ्या सुनेनं तो पाहिला. मग ती दचकू लागली. तुझ्या नातसुनेनं पाणी पाजायला खांद्याला हात लावला की अंग झाडायची. अंगणात पाऊल वाजलं की विचारायची, "कोन आलं?" कुत्रं आलं तरी, वारं आलं तरी, कोन आलं. मला वाटलं, डोक्यावर परिणाम होऊ लागला. एका दुपारी मी जवळ बसून विचारलं, टीव्ही बरा नाही का? बोलायला तिला वेळ लागतो. म्हणाली, "चांगला हाये. पन याच्यात दार दिसत नाई." मग म्हणाली, "डब्ब्यात तुमी येतानी दिसत. दुरून."

मी दुसऱ्याच दिवशी नांदुऱ्याला गेलो. जुने डब्बे भंगारात गेले होते. आरसा टांगून पाहिला, तर तिला तिचं वाकडं झालेलं तोंड दिसलं. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, काढा तो. डब्ब्याच्या काचेत माणूस दिसे, तोंड दिसत नसे. तसली वस्तू आता कोणत्या दुकानात मागायची? आता मी उंबऱ्याच्या बाहेरूनच खाकरतो आणि सांगतो, मी आलो. नातसुनेलाही तसं सांगायला लावलं आहे. ती कधी विसरते. टीव्ही चालू असतो, चित्र लख्ख असतं, आणि तुझी सून कान मागं लावून पडलेली असते.

हा कागद मी कुठं टाकणार, माय. चुलीतच जाईल. पण एक राहिलं. तुझ्या वेळी त्या भिंतीवर काहीच नव्हतं, नुसता पांढरा चुना. तूही शेवटी शेवटी दर पावलाला विचारायचीस, कोन आलं, आणि आम्ही म्हणायचो, म्हातारीले भास होतेत. खोलीत दाराशी, तुझ्या डोक्यामागं, कांद्याचं बियाणं ठेवलेलं असे. मी यायचो, घ्यायचो, न बोलता जायचो.

बहुतेक खेपेस मीच होतो.