नाव न घेता

सोमवार, ३ मार्च
आजपासून देवभक्ती. अर्धवट नाही, पूर्ण. रविवारी उपासनेला येणं वेगळं आणि रोजच्या जगण्यात देवाला धरून राहणं वेगळं, असं चर्चचे पाळक काल म्हणाले, आणि म्हणताना माझ्याकडे बघत होते. (ताईच्या मते माझ्यामागच्या घड्याळाकडे.) सुरुवात जिभेपासून. खोटं नाही, चहाडी नाही, फुकटची बडबड नाही.

संध्याकाळी
मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. तिथे खोटं बोलल्याशिवाय दिवस सरकत नाही. आज ‘डॉक्टर येतायत पाच मिनिटांत’ म्हटलं नाही. एका आजोबांना खरं ते सांगितलं : डॉक्टर अजून घरून निघालेले नाहीत, आणि दाढ काढताना दुखेल. आजोबा दाढ घेऊन घरी गेले. डॉक्टर म्हणाले, तुला पगार बोलायचा नाही, ‘बसा’ म्हणायचा आहे. सत्यासाठी छळ सोसला. बरं वाटलं.

बुधवार, ५ मार्च
ताई आईच्या गुडघ्यासाठी आली आहे, असं सगळे धरून चालले आहेत. आज गच्चीवर कपडे वाळत घालताना तिने मला खरं सांगितलं. गुडघा निमित्त आहे. ती दाजींकडे परत जाणार नाही. ती नर्स आहे. दूरच्या एका हॉस्पिटलात तिला जागा मिळाली आहे, राहायला खोलीही. सतरा तारखेला हजर व्हायचं. तोवर दाजींना कळलं तर ते येऊन घेऊन जातील. तिने बाही वर करून दंड दाखवला. आजवर दार लागलं, दार लागलं असं सांगत आली. एका घरात दारं असतात तरी किती?

आईपप्पांनाही तिने सांगितलेलं नाही. फक्त मला, कारण तिची बॅग आधी दवाखान्यात नेऊन ठेवायला कोणीतरी हवं.

“तुझ्या पोटात राहील ना, शेंडेफळ?” तिने विचारलं.

मी म्हटलं, माझा जिभेचाच नेम चालू आहे. ती हसली नाही. लहानपणी जेवणाआधी पप्पा आम्हाला दिवसभराचं पाप सांगायला लावत. ताईकडे सांगण्यासारखं काही नसे. मग तिचंही मीच सांगे. तिच्या ते अजून लक्षात असावं.

गुरुवार, ६ मार्च
दाजींचा फोन. ते त्यांच्या चर्चच्या मंडळीत गाण्याच्या गटाचे प्रमुख, बोलतातही सुरात. ताई कधी येणार, विचारत होते. खोटं बोलायचं नाही म्हणून फोन आईच्या हातात दिला. पण मग दिवसभर टोचत राहिलं. गप्प बसणं हेही खोटंच नाही का? पप्पांना विचारलं, नाव न घेता. ते म्हणाले, जे झाकावं लागतं ते देवाचं नसतं. हे सांगताना त्यांच्या खिशात डॉक्टरांनी बंद केलेली चॉकलेटं होती, पण मुद्दा बरोबर आहे.

शनिवार, ८ मार्च
पाळकबाईंकडे बहिणींची प्रार्थनासभा. (मंडळीत सगळ्या बायका एकमेकींच्या बहिणी.) तिथे कोणी कोणाबद्दल वाईट बोलत नाही. फक्त मनावरचं ओझं सांगायचं, मग सगळ्या मिळून प्रार्थना करतात. शिंपीणबाईंच्या सुनेचं ओझं झालं. कोणाच्या तरी दिराच्या बाटलीचं झालं. माझी पाळी आली. माझ्याकडे नेहमी फक्त डॉक्टर असतात. आज वाटलं, एकटीने वाहण्यासाठी नसतंच ओझं. म्हटलं, एक बहीण आहे, माझ्या फार जवळची, नर्स आहे, नवऱ्याला न सांगता दूर नोकरीला जायचं म्हणते, तिला मार्ग दिसावा. पाळकबाईंनी विचारलं, जवळची म्हणजे कोण गं? मी म्हटलं, नाव सांगितलं तर चहाडी होईल. सगळ्या ‘हं’ म्हणाल्या. प्रार्थना इतकी मनापासून झाली की शिंपीणबाई रडल्या.

नाव एकदाही घेतलं नाही. जीभ पूर्ण ताब्यात. फार हलकं वाटतंय.

रविवार, ९ मार्च
उपासना संपल्यावर एकेक बहीण येऊन ताईचा हात हातात घेऊन गेली. आम्ही प्रार्थना करतोय हं तुझ्यासाठी. ताईने माझ्याकडे बघितलं. मी गीतांच्या पुस्तकाकडे. आईच्या गुडघ्याबद्दल असेल, असं मी म्हटलं. हे खोटं नाही. अंदाज आहे.

मंगळवार, ११ मार्च
कामावरून आले तर दारात दाजींच्या चपला. आत पाळक, पाळकबाई, पप्पा, मधे दाजी, टेबलावर सफरचंदं. पाळकबाईंनी प्रेमापोटी त्यांना कळवलं होतं. दूरदूरच्या हॉस्पिटलांना फोन लावत दाजींनी नेमकं ते शोधून काढलं, आणि बायकोच्या डोक्यावर उपचार चालू आहेत, असं काळजीने सांगितलं. जागा गेली. मग दाजी रडले. चांगले रडले. पाळकांनी लग्नाच्या पवित्र बंधनाविषयी सांगितलं. आई मधेच म्हणाली, तिचा दंड तरी बघा. पप्पांनी तिला चहा ठेवायला पाठवलं.

ताई बॅग भरायला उठली. मी घड्या घालू लागले. म्हटलं, मला माफ कर.

“केलं,” ती म्हणाली. “पण माझ्यासाठी प्रार्थना करू नकोस.”

गुरुवार, १३ मार्च
शांतपणे विचार केला. नाव मी घेतलं नव्हतं. ओळखलं त्यांनी. कळवलं पाळकबाईंनी. फोन दाजींनी केला. आणि देवाच्या मनात नसतं तर जागा गेलीच नसती. तरी जेवण गेलं नाही. उपवास धरला, असं लिहून ठेवते.

दवाखान्यात दिवसभर ‘बसा’ म्हटलं. डॉक्टर खूश.

सोमवार, १७ मार्च
नवा निश्चय : मौन. गरजेपुरतंच बोलायचं.

ताईचा फोन हल्ली आईलाच येतो. आई न्हाणीघरात जाते, कडी लावते, नळ सोडते, मग बोलते. मी ताईची चौकशी केली तर म्हणते, बरी आहे, आणि शेजारणीकडे बघावं तशी माझ्याकडे बघते. आज बोलणं चालू असताना पाणी गेलं. मी बाहेर टॉवेल घेऊन उभी होते, म्हणून ऐकू आलं. ऐकायला गेले नव्हते. ताई पुन्हा निघणार आहे, जूनमध्ये. या वेळी तिने आईला सांगितलं आहे, मला नाही.

संध्याकाळी पाळकबाई रस्त्यात भेटल्या. ताईचं कसं चाललंय, विचारलं. मी गप्प. मनावर काही ओझं आहे का, विचारलं. मी गप्पच. त्यांनी माझा हात हातात घेतला. इतक्या दिवसांत माझा हात कोणी धरला नव्हता. मी एवढंच म्हटलं की प्रार्थना चालू असू दे, जूनपर्यंत तरी.

जूनच का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी सांगितलं नाही. जीभ आवरली.