आधी जरा बसवायचं होतं

बाबा, मला तुमचा भयंकर राग आलाय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज दवाखान्यातून आल्यापासून तोंडात तुमचंच नाव आहे, आणि ते काही प्रेमानं घेतलेलं नाही. छातीत धडधडतं म्हणून सुनेनं मला बळंच डॉक्टरकडे नेलं. त्या पोरसवदा डॉक्टरनं आधी मला नुसतं बसवलं. दम खाली बसू दिला, मग नाडी धरली. मग सरकत्या पट्ट्यावर चालवलं, पट्टा जोरात सोडला, आणि या वयात मी पदर खोचून पळाले! पुन्हा बसवलं आणि म्हणाला, "आजी, चाललं की ठोके वाढतात, पळालं की आणखी वाढतात, थांबलं की उतरतात. तुमचे चांगले उतरले. हृदय ठणठणीत आहे."

ठणठणीत! आणि अमडापूरच्या बाजारात काय ठरलं होतं माझं? महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि शाळेच्या ड्रिल मास्तरांनी चिखलीच्या शर्यतीसाठी मला निवडलं होतं. "फक्त एकदा डॉक्टरले दाखवून घ्या," म्हणाले. डॉक्टर बाजाराच्या दिवशी एस.टी.च्या थांब्याजवळ एका ओट्यावर बसायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. दुसरा बाप सकाळीच गेला असता. पण तुमचा नेम! वांग्यांची पाटी रिकामी झाल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही, नाहीतर बरकत जाते म्हणे. शेवटचं वांगं गेलं आणि तिकडे गाडीचा हॉर्न. "चाल वं, डॉक्टर चालला ना!" म्हणत माझा हात धरून तुम्ही अख्खा बाजार ओलांडून धूम ठोकलीत. डॉक्टरांचा एक पाय गाडीच्या पायरीवर. तशीच त्यांनी माझी नाडी धरली. "फार जोरात आहे. हृदय कमजोर दिसतं. पोरीला पळू देऊ नका." आत्ताच पळवत आणलंय, हे ना तुम्ही सांगितलंत, ना त्यांनी विचारलं! मी म्हणाले, "बाबा, आपण पळत आलो ना?" तर "गप बस, मोठ्या माणसायच्या मंधात बोलू नोको."

तुम्हाला काळजी लागली, म्हणून पुढच्या बाजारी पुन्हा दाखवलं. पुन्हा शेवटचं वांगं, पुन्हा हॉर्न, पुन्हा धूम. त्याच्या पुढच्या बाजारी तर काळजीपायी आणखी जोरात पळवलंत. मग नाडी काय भजन म्हणणार होती? चिखलीला दुसरीच पोरगी गेली. आई मला घागर उचलू देईना. जन्मभर मी जपून पावलं टाकली, नातवंडांच्या मागे कधी धावले नाही. एक विडी ओढायला लागतो तेवढा वेळ ओट्यावर बसवलं असतं हो मला!

आज दवाखान्यातून निघताना डॉक्टरनं विचारलं, "घरात कोणाला हृदयाचा त्रास होता का?" मी ठसक्यात म्हणाले, "कोणालाच नाही. मलाच होता म्हणे." सून हसली.

घरी येऊन चहा ठेवला, आणि तुमचा तो थांबा डोळ्यांसमोर आला. डॉक्टर मनगट सोडेपर्यंत माझा दम बसलेला असायचा. तुमचा बसायचा नाही. एका हातानं स्वतःची छाती दाबून धरायचात आणि दुसऱ्यानं मला पुढे ढकलायचात, "हिले पाहा साहेब, हिले." गाडी गेल्यावरही कितीतरी वेळ तुम्ही पाटी उपडी घालून तिच्यावर बसून राहायचात, आणि मी घरी चला म्हणून तुमची बाही ओढायचे. दोन उन्हाळ्यांनी वांग्यांच्या वाफ्यात असेच बसलात, ते उठलाच नाहीत. लोक म्हणाले, ऊन लागलं. तुमचं मनगट त्या बाजारात कोणी हातात धरलं नाही, आणि माझं मात्र दर बाजारी! याचाही मला रागच आलाय.

आता हा कागद कुठे पाठवणार? घडी करून डब्यात ठेवते. डॉक्टरला मी चुकीचं सांगून आले, बाबा.