मुलगी पसंत आहे, अकरावीसाठी

चि. काकासाहेब,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद घे. तुझी शुगर, पंकजाचे गुडघे आणि तुमच्या पार्थची पुण्यातली नोकरी ही तिन्ही ताब्यात असतील असं धरून चालते. माझी तब्येत उत्तम आहे, त्यामुळे चिडायला भरपूर ताकद शिल्लक आहे आणि सध्या ती सगळी खर्ची पडते आहे.

आमच्या गावचं सरकारी ज्युनिअर कॉलेज तुला आठवत असेल. (तू त्याला ‘दोन वर्गांची शेड’ म्हणाला होतास. मी विसरलेले नाही.) आता वरून आदेश आला आहे की यंदा कला शाखेचा पट भरला नाही तर तुकडी बंद करायची आणि मुलं तालुक्याला पाठवायची. ज्याने हे लिहिलं त्याने एकदा आमच्या फाट्यावर येऊन एसटीची वाट बघावी. मुलगे कुणाच्या तरी मोटारसायकलवर लटकून जातीलही, मुलींना कोण पाठवणार? दहावी झालेली मुलगी सोळाची असते, कायद्याने लग्नाला अठरा लागतात, आणि मधल्या दोन वर्षांत तिचं काय करायचं याचं उत्तर या भागात ठरलेलं आहे. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, तेव्हा कायदा गुंडाळून ठेवायचा, लग्न उरकायचं आणि दिवाळीनंतर तिला कोयता देऊन कारखान्यावर धाडायचं. ही दोन वर्षं मुलीला सन्मानाने काढता यावीत म्हणून सरकारने आजवर एकच जागा बांधली, ती ही शेड. तिचा उपयोग काय, असं मला विचारणाऱ्याशी मी बोलणं बंद केलं आहे. (गटशिक्षणाधिकाऱ्यांशीही.)

तर प्राचार्य अजिनाथ, जो नगरच्या शाळेत माझ्याच हाताखाली इंग्रजीत दोनदा नापास झाला होता, दारात येऊन म्हणाला, “मॅडम, पोरं गोळा करायला चला. तुम्ही असलात की लोक बसा तरी म्हणतात.” हल्ली हीच पद्धत आहे. निकाल लागला की शिक्षकांनी उन्हातान्हात घरोघर फिरायचं आणि विद्यार्थी मागायचे. खासगी कॉलेजवाले आधीच फिरून गेलेले असतात, कुणी सायकल कबूल करतं, कुणी मोबाईल. आमच्याकडे द्यायला फक्त शिक्षण, आणि त्याला गिऱ्हाईक नाही. आठवडाभर अजिनाथच्या मोटारसायकलवर मागे बसून मी शिक्षणाचं महत्त्व सांगत हिंडले. लोकांनी चहा पाजला, माझी पेन्शन किती ते विचारलं आणि मुलगी काही दिली नाही.

शेवटी शेजारच्या गावात रामहरी म्हणून एकाच्या घरी गेलो. त्याची मुलगी सविता चांगल्या मार्कांनी दहावी झालेली. आम्ही दारात पोचतो तोच आत धावपळ सुरू झाली. सतरंजी अंथरली गेली, रामहरीने अंगात धुतलेला सदरा चढवला आणि त्याची बायको रंगुबाई मला म्हणाली, “लई वाट बघायला लावली तुमी. आनि सोबत एकच मानूस?” मला वाटलं, चला, अखेर शिक्षणाची वाट बघणारं एक घर सापडलं. मग पोहे आले, आणि पोह्यांमागून साडी नेसवलेली, डोक्यावर पदर घेतलेली सविता आली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मध्यस्थाने त्यांना फोनवर एवढंच सांगितलं होतं की आज पाहुणे येतील, बरोबर एक वयस्क बाई असेल.

मी खुलासा करायला तोंड उघडलं. तेवढ्यात सविताने पोह्यांची बशी ठेवता ठेवता अजिनाथच्या पिशवीवरचं कॉलेजचं नाव भिंतीकडे फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. काकासाहेब, त्या नजरेपुढे मी तोंड मिटलं.

रामहरी म्हणाला, “इचारा, काय इचारायचं ते.” मी इंग्रजीचे मार्क विचारले. ते इतके बरे होते की अजिनाथने खाली बघितलं. मग मी सांगून टाकलं की मुलगी पसंत आहे, पण आमच्या घरात बारावी झाल्याशिवाय सून येत नाही. तीही सरकारी कॉलेजातली हवी, खासगीतल्या मुली फार बोलतात. (याला काही आधार नाही.) रामहरी विचारात पडला. “दोन वर्सं थांबायचं म्हनता? मुकादम जोडी मागतोय.” मी म्हटलं, “मुलगा पुण्यात आहे. मुकादमाला सांगा, तुमचा जावई एसीत बसतो.” रंगुबाई आतून म्हणाली, “मंग थांबू की. पोरगी काय नासती का?”

दुसऱ्या दिवशी सविताचा प्रवेश झाला. खऱ्या पाहुण्यांचा फोन आला तेव्हा रामहरीने त्यांना सांगितलं म्हणे, की आमचं पुण्याला चाललंय. जन्मभर मी शिक्षणावर भाषणं केली आणि मुलगी वर्गात बसली ती एका थापेमुळे. याचा मला इतका संताप आला आहे की कुणाला तरी लिहिणं भाग होतं.

तुझी,
मालनताई

ता. क. मुलाचं नाव विचारलं तेव्हा मला ऐनवेळी पार्थचंच सुचलं. नातंगोतं, कुळी सगळं त्यांनी तिथेच जुळवलं. रामहरी येत्या रविवारी तुमचं घर बघायला येतो आहे. पार्थला दाढी करून एका जागी बसवून ठेव. जर्मनीला जायचं म्हणतो आहे ते त्याने बोलू नये. पंकजाला हे पत्र वाचून दाखवण्याआधी पाणी दे.

ता. क. दुसरा. बातमी फुटली आहे. पुण्याचं स्थळ सरकारी कॉलेजची मुलगी मागतं, हे ऐकून आणखी चार बापांनी अजिनाथकडे प्रवेशाची चौकशी केली. पट भरायला तेवढे पुरतात, पण प्रत्येकाला मुलगा बघायचा आहे. तुमच्या सोसायटीतल्या अविवाहित मुलांचे फोटो पाठव. दिसायला बरे नसले तरी चालतील, लिफ्टपाशी उभे असावेत.

ता. क. शेवटचा. सविताने वर्गातून निरोप दिला आहे. तिला बारावीनंतर नर्सिंगला जायचं आहे, तेव्हा नकार तिच्याकडूनच येईल. पार्थने मनाला लावून घेऊ नये.