आईच्या फुफ्फुसांचे मार्क

ता. ९, दवाखान्याच्या बाकावरून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं दोन दिवस टाळलं, कबूल. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर धीर नव्हता. मग लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी तारांच्या गप्पा मारत बसलो. तुझ्या डोंगरावरच्या वेधशाळेत फोन लागत नाही ते बरंच, आवाजावरूनच पकडलं असतंस.

आईच्या पोटातली गाठ पूर्ण निघाली. शुद्धीवर येताच तिनं विचारलं, तलावावर पोरांना पोहायला कोण शिकवतंय. मी निर्धास्त झालो. खोकलं की टाके ओढतात म्हणाली, तेव्हा म्हटलं, नको खोकूस, पडून राहा.

आज भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचं छोटं यंत्र घेऊन आल्या. छातीचे बारा भाग पाडून प्रत्येकाला मार्क देतात. हवा नीट भरली असेल तर शून्य. जितकं खराब तितके जास्त. असली परीक्षा शाळेत असती तर मी पहिला आलो असतो. आईला भरपूर मिळाले. पडद्यावर उभ्या पांढऱ्या रेघा, आणि पाठीकडे खाली फुफ्फुस हवेविना दबून काळजासारखं घट्ट. बाई म्हणतात, एक-दोन दिवसांत श्वास अडू शकतो, तिला इथेच अतिदक्षता विभागात नजरेखाली ठेवू. पण बोटावरचं ऑक्सिजनचं यंत्र सगळं ठीक दाखवतंय, आणि आई वॉर्डात जायला हटून बसलीय. उद्या दुपारपर्यंत घरच्यांनी सांगायचंय. मला वाटतं, पोहणाऱ्या बाईच्या छातीला काय धाड भरलीय? दुधाच्या गाडीबरोबर पत्र वर पाठवतोय, उत्तर त्याच गाडीनं धाड.

चिडलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा भटक्या

ता. १०, सकाळ

चि. भटक्यास,
अ. उ. आ.

पत्र उभ्याउभ्याच वाचलं. वॉर्ड नाही म्हणजे नाही.

तू आईचा चेहरा पाहिलास, बाईंनी आत पाहिलं. खांदा निखळला होता तेव्हाही काही नाही झालं म्हणत तिनं अख्खी तुकडी पाण्यातून बाहेर काढली होती. थोडक्या श्वासात भागवायची तिला सवयच आहे, म्हणून तर मला भीती वाटते. इथे आभाळ निरभ्र असताना हवेचा दाब उतरायला लागतो. आम्ही ढगांची वाट बघत बसत नाही, खाली कळवून मोकळे होतो. लोक हसतात, हसू देत.

आणि खोकू नकोस म्हणणारा तू कोण रे शहाणा? खोकल्यानंच छाती मोकळी होते, आजच बाईंना विचार. माझ्या जागी माणूस आल्याशिवाय मला हलता येत नाही. गाडी निघतेय, अक्षर लावून घे.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझ्याच भरवशावर असलेली,
ताई

ता. १२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिला इथेच ठेवा म्हणून सांगितलं. आईनं तेव्हापासून माझ्याशी अबोला धरला.

परवा संध्याकाळीच तिला धाप लागली. बोटावरचा आकडा घसरत गेला, ओठ काळपट पडले. हवा दाबून देणारा मास्क बाईंनी आधीच उशाशी आणून ठेवला होता, तो तत्काळ लावला. तेवढ्यानं भागलं नाही तर घशात नळी घालावी लागेल, म्हणाल्या. ताई, मी दाराबाहेर उभा राहून उगाच स्वतःचेच श्वास लांब घेत होतो. काल सकाळी आकडा वर आला. वॉर्डात असती तर कळायलाच उशीर झाला असता, असं बाई म्हणाल्या. तेही माझ्याकडे न बघता, एवढे तरी त्यांचे उपकार.

आता व्यायाम शिकवणारी मुलगी तिला बसवते. मी पोटाशी उशी धरतो, आई खोकते. बोलत नाही, पण डोळ्यांनी शिव्या पोचतात. आत्ता बाई पुन्हा यंत्र घेऊन आत गेल्यात. मला बघवेना, म्हणून बाकावर येऊन हे लिहितोय.

एवढी धास्ती दिली, तरी जीव लावतेस तसाच लावत राहा.
भटक्या

ता. क. पाकीट चिकटवणार होतो. दार उघडलं, बाई येतील म्हणून उठलो, तर सलाईनचा स्टँड ढकलत आईच बाहेर आली. मागून ती व्यायामवाली मुलगी सावकाश, सावकाश म्हणतेय. आई माझ्यासमोर उभी आहे आणि म्हणतेय, सरक, मला बसायचंय.