नाव घेऊन

मैलापूर, मद्रास. ऑगस्ट १९६१, मंगळवार संध्याकाळ

खालच्या अँग्लो-इंडियन शेजाऱ्यांनी आज गिटारवरचं अमेरिकन गाणं लावलं होतं. अप्पांना इंग्रजी येत नाही, तरी कॉफी निवेपर्यंत ऐकत बसले.

"कोणाला हाक मारतोय गं तो?"

"बायकोला. वारलीय ती."

"नाव घेऊन?"

एवढंच अडलं त्यांना! आईला त्यांनी जन्मभर 'अगं' म्हटलं. तिचं नाव घेतात ते फक्त श्राद्धाला, भटजींच्या मागोमाग. हे माझ्या आजवर लक्षातच कसं आलं नाही?

मग अप्पांनी विचारलं, "तुझ्या आईला आवडलं असतं का?"

मी गार कॉफीचा पेला उचलून आत आले.

आता खालचं गाणं थांबलंय. गॅलरीत अप्पा एकटेच आहेत. हळूच म्हणाले, "कावेरी." मग गप्प. ओ यायला जेवढा वेळ लागतो, तेवढेच गप्प. परत, "कावेरी."