दिवाणावरची मालगाडी

६ जानेवारी
आज ह्यांच्या मालगाडीचा आणखी एक डबा झाला. दिवाणावर बसायला जागा उरली नाही. माझ्या स्वेटरची बटणं चाकं झाली, विणायची सुई कापून ॲक्सल. डबे सगळे बिनभिंतींचे, नुसती सपाट फळी, अन् प्रत्येकावर मिलचं एकेक मशीन. लूम, कापूस पिंजायचं कार्डिंग, मोठा पंप. लाकडाचीच, पण नटसुद्धा दिसतात. जन्मभर पॅटर्न शॉपमध्ये ओतकामाचे लाकडी साचे केले, तो हात आहे. मिलला ताळं लागलं तेव्हापासून हेच.
विचारलं, ही गाडी चाललीये कुठे? म्हणाले, "साखळी ढिली राहिली तर वळणावर लोड सरकतो. बघ." बस, एवढंच.

८ जानेवारी
मागच्या गल्लीतले काका, मिलच्या फोल्डिंग खात्यात कापडाच्या घड्या घालायचे. त्यांचं पण असंच सुरू झालं होतं. आधी बोलणं बंद, मग जेवण, मग... लिहवत नाही.
मीनू कॉलेजातून आल्यावर म्हटलं, बाबांवर लक्ष ठेव. "अगं आई, हॉबी आहे ती. इतनी टेन्शन नको घेऊस." हॉबी असेल तर करताना हसत का नाहीत?
ह्यांच्या पटाश्या रोज मोजून ठेवते मी. हे कुणाला सांगणार.

१४ जानेवारी, संक्रांत
गोपाळभिया तिळगूळ घ्यायला आले. ह्यांच्याच खात्यातले. रोज गेटवर धरण्याला बसतात. मशिनं विकायला काढलीत, ती बाहेर गेली की मिल परत सुरू व्हायची आशाच संपली, म्हणून काही बाहेर जाऊ द्यायचं नाही.
नेमके आज हे बॉयलर डब्यावर चढवत होते. काळा रंग ओलाच. गोपाळभिया बघतच राहिले.
"भिया, हा तर आपला बॉयलर आहे."
"हो."
"वॅगनवर का ठेवला? कुणासाठी करून राहिला तू हे?"
"कुणासाठी नाही रे."
तिळगूळ त्यांच्या हातातच राहिला. जाताना दाराजवळच्या स्टुलावर ठेवून गेले. ह्यांना म्हटलं, धावत जा, समजवा. हे ब्रश धूत बसले.

१६ जानेवारी
नळावर गेले तर बायका गप्प. एक तोंड फिरवून म्हणाली, "दलाल." घरी येईपर्यंत हंडा हिंदकळून अर्धा झाला.
समोर पानाच्या टपरीवर चार जण उभे. मिलच्या वीव्हिंग खात्यातले, ओळखीचे. आपल्याच दाराकडे बघत. मीनूला क्लासला पाठवलं नाही.
ह्यांना हात जोडले, मोडून टाका हो ते. ह्यांनी गाडीवर जुनी चादर घातली. मोडली नाही. चादरीखाली कुणी आडवं झोपल्यासारखं दिसतं. त्या खोलीत पाय टाकवत नाही.

१९ जानेवारी
अफवेनेच आणलं त्याला. मिलची मशिनं ज्याने विकत घेतलीत त्याचा इंजिनिअर. जीप थेट दारात. "सुना है आपने लोडिंग का पूरा मॉडल बनाया है।" चादर त्यानेच सरकवली. गुडघे टेकून बघत होता.
बॉयलर दक्षिणेत कुठल्याशा कारखान्यात पाठवायचाय. वाटेत पातालपानीच्या घाटातले रेल्वेचे बोगदे अरुंद. डब्यावर कसा बसवायचा ते ह्यांनी सांगायचं, सोबत जायचं, तिकडे पुढे कामही आहे. "सोच के बताइए।" हे हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत.
जीप उभी होती तोवर अख्खी गल्ली बाहेर आली. आता कोण मानणार की आधी कुणाशी काही ठरलेलं नव्हतं.
अन् तरी, काम हा शब्द ऐकून आत कुठेतरी बरं वाटलं मला.

२१ जानेवारी
दुपारी बोलले. कधीपासून इतकं बोलले नव्हते.
"बॉयलर तसाही राहणार नाही इथे. गॅस कटरने तुकडे करून भंगारात जाईल, नाहीतर अख्खा जाईल. अख्खा गेला तर कुठेतरी चालेल तरी."
"आणि गोपाळभिया?"
ह्यांनी पुठ्ठ्याचा बोगदा दाखवला, मापात कापलेला. डबा ढकलला तर वरचा व्हॉल्व्ह अडकला. व्हॉल्व्ह काढला, बॉयलर आणखी खाली ठोकळ्यांत बसवला, पुन्हा ढकलला. केसभर जागा ठेवून पार. हे हसले. केवढ्या दिवसांनी. अन् मला त्या हसण्याचीच जास्त भीती वाटली. आता नाही म्हणणार नाहीत हे.

२३ जानेवारी
गोपाळभिया आले. उंबऱ्याबाहेरच उभे. "वहिनी, समजवा ह्याला. उद्या लोकं माझं ऐकणार नाहीत." मग ह्यांना म्हणाले, "वॅगन मिलच्या साइडिंगला लागली ना, तर मी रुळावर आडवा होणार. मग बांध तुझ्या साखळ्या."
हे म्हणाले, "तुला ऊठ म्हणणार नाही मी."
म्हणजे काम घेणार की नाही घेणार? विचारायची हिंमत झाली नाही. गोपाळभिया डोळे पुसत गेले. टपरीवर आज चारपेक्षा जास्त.

२४ जानेवारी
सकाळी मिलचा खाकी शर्ट घातला. बॉयलरचा डबा पंच्यात गुंडाळला. जीप येणार का, विचारलं.
"नाही, पायी. आधी गेटवर दाखवतो धरण्यावरच्यांना. कापलेला बघायचाय की अख्खा गेलेला, ते सगळ्यांनी मिळून सांगावं. नको म्हणाले तर नाही करणार."
"मारतील हो."
"मारतील कदाचित."
मी येते म्हटलं. म्हणाले, "तू आलीस तर माझं लक्ष तुझ्याकडे राहील." अन् गेले. टपरीवरचे लोक मागे मागे निघाले.
वरण खाली लागलं. लक्षच नाही.
गेटवरचं इथपर्यंत ऐकू येतं. मघापर्यंत शांत होतं. आत्ता एकदम ओरडा सुरू झालाय. घोषणा आहेत की भांडण, कळत नाही. त्यात ह्यांचा आवाज शोधून राहिले, सापडत नाही. मीनू चपला घालून दारात उभी आहे. "आई, चल ना."
निघतो आम्ही.